सामना मिळण्याचा हक्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाशी माझे नाव एका दिवसापुरते का होईना जोडले गेले, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला व्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर, नाही तर शाहिरी कवितेवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी खेळाविषयी बोलणार आहे. विषय कळविला तेव्हा एका माजी विद्यार्थ्याने मला अदबीने विचारले, "सर, हा विषय या व्याख्यानमालेत बसेल ना?" बसेल असे मला वाटते, कसा, ते तासाभरात आपणांस सांगावयाचे आहे.

सुरतेत मराठी शाळा म्हणजे काय, हे आपणांस मी सांगण्याची गरज नाही. येथे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात. खानदेशातून यंत्रमागांवर कामाला आलेल्या कुटुंबांची मुले लिंबायत-उधना भागांतून शाळेत जातात. अशा शाळेला मोठे पटांगण नसते, क्रीडाशिक्षक असलाच तर तो आणखी दोन विषय शिकवीत असतो, आणि खेळाचे साहित्य एका पेटीत मावते. शहरातल्या मोठ्या शाळांशी या शाळेचा सामना व्हावा की न व्हावा? झाला तर कोणत्या अटींवर? आणि हरल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा जावे की घरी बसावे? हे प्रश्न दिसावयास लहान आहेत. परंतु प्रत्येक लहान संस्थेला, प्रत्येक लहान गावाला आणि अल्पसंख्य भाषिकांच्या प्रत्येक समाजाला ते कधी ना कधी पडतात. खेळाच्या मैदानावर त्यांची उत्तरे आकड्यांत लिहिलेली सापडतात, म्हणून मी मैदानावर आलो.

मला जे सांगावयाचे आहे ते आधीच सांगून टाकतो. लहान संघाने मोठ्या संघाकडे सवलत मागू नये, सामना मागावा. आणि तो सामना मोठ्यांच्या मर्जीवर न राहता नियमाने, ठरलेल्या दिवशी, दरवर्षी मिळेल अशी व्यवस्था मागावी. मर्जीने मिळालेला सामना मर्जी फिरली की जातो. नियमाने मिळालेला सामना हरला तरी हातात राहतो.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. आपल्याकडे कुस्ती 'नेमतात'. जत्रेच्या आखाड्यात जाणती माणसे दोन मल्लांचे वय, वजन आणि तयारी पाहून 'जोड' लावतात. लहान पोरांच्या कुस्त्या आधी होतात, त्यांना रेवड्या मिळतात. दिवस कलतो तशी इनामाची रक्कम वाढत जाते आणि अखेरीस मोठी नेमलेली कुस्ती होते. या रीतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, रेवड्यांवर लढणारे पोर आणि अखेरची कुस्ती लढणारा मल्ल एकाच मातीत उतरतात. दुसरी, जोड लावणारा मनुष्य त्या दोघांहून वेगळा, तिसरा असतो. बलवानाने आपला प्रतिस्पर्धी आपणच निवडावयाचा नसतो. 'सामना' या शब्दातही समोरासमोर येणे आहे. एकाने उंचावर बसावे आणि दुसऱ्याने खाली उभे राहून विनंती करावी, याला आपण सामना म्हणत नाही.

आता मुंबईच्या मैदानावर जाऊ, कारण या देशात लहानांनी मोठ्यांकडे सामना मागण्याची कथा तेथूनच सुरू होते. १८७७ साली पारशी खेळाडूंच्या मागणीवरून बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियनांनी त्यांच्याशी दोन दिवसांचा सामना खेळण्याचे मान्य केले. तो अनिर्णित राहिला. दोन वर्षांतच मैदानाच्या वापरावरून गोऱ्यांशी तेढ वाढली आणि हे सामने बंद पडले. १८८४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मर्जीवरचा सामना कसा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. ज्या मैदानावर हिंदी लोक क्रिकेट खेळत, त्याच मैदानावर साहेबांना पोलो खेळावयाचा होता. एतद्देशीयांनी त्याविरुद्ध अर्ज केले, आणि त्या भांडणाची सावली खेळावर पडली. परंतु पारशांनी सामना मागणे सोडले नाही. १८९० च्या जानेवारीत इंग्लंडहून आलेल्या जी. एफ. व्हर्नन यांच्या संघाला त्यांनी मुंबईत चार गडी राखून हरविले, आणि लौकरच युरोपियन विरुद्ध पारशी हा प्रेसिडेन्सीचा सामना वार्षिक झाला. मागण्याची गोष्ट वेळापत्रकाची गोष्ट झाली.

पुढे १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळविला, १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होऊ लागले. धर्माच्या नावाने संघ पाडण्याच्या या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते सामने बंद झाले. परंतु १९०६ च्या त्या विजयात आपल्या विषयाला धरून एक गोष्ट दडलेली आहे. त्या संघात पळवणकर बाळू होते. चांभार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात युरोपियनांच्या क्लबात नोकरीस होता आणि सरावाच्या जाळीत ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकी. चेंडू टाकण्यास हवा, पण जाळीत बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांचा संघ हरवावयाचा होता, तेव्हा त्यांना या गोलंदाजाला संघात घ्यावे लागले. मात्र चहाच्या वेळी त्याचा पेला निराळा, मातीचा, आणि जागा मंडपाबाहेर. मोठ्यांशी समान पातळीवर खेळण्याची आकांक्षा धरणाऱ्या या संघाला आपल्याच घरातील लहानाला तीच समानता देणे जड गेले. बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते त्यांच्या धाकट्या बंधूंना, विठ्ठलरावांना, १९२३ मध्ये मिळाले. जो वरच्याकडे सामना मागतो त्याने खालच्याला तो नाकारू नये, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

१९३४-३५ च्या हंगामात रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि प्रांतोप्रांतीचे संघ एका व्यवस्थेत आले. पहिली वीसबावीस वर्षे ही स्पर्धा बाद पद्धतीची होती. म्हणजे काय, याचा विचार दुबळ्या संघाच्या बाजूने करून पाहा. वर्षभर तयारी करावयाची, पहिलाच सामना मुंबईशी किंवा बडोद्याशी पडावयाचा, तीन दिवसांत हरावयाचे आणि पुढचे वर्ष येईपर्यंत बॅटी पेटीत ठेवावयाच्या. ज्याला सामन्यांची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी सामने! १९५७-५८ पासून विभागवार साखळी सुरू झाली. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र असे पाच संघ; प्रत्येकाने उरलेल्या चारांशी खेळावयाचे. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे. परंतु त्यामुळे गुजरातच्या खेळाडूला दर हंगामात मुंबईसमोर उभे राहण्याचा अधिकार मिळाला, आणि मुंबईलाही तो सामना टाळता येईना.

त्या काळातली मुंबई म्हणजे काय होती! १९५८-५९ ते १९७२-७३ अशी ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. आम्ही तेव्हा शाळा-कॉलेजांत होतो. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन कानांत प्राण आणून ऐकत असू. मुंबई जिंकणार हे ठाऊकच असे. ऐकावयाचे ते एवढ्याचसाठी की समोरचा किती वेळ टिकतो. त्या पंधरा वर्षांत एका संघाची चिकाटी मला आज अधिक आठवते. राजस्थानचा संघ त्या काळात सात वेळा मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला आणि सातही वेळा हरला. पहिल्या चार पराभवांत तर एका वर्षाचाही खंड नाही. पाचव्या वेळी त्या खेळाडूंनी पेटी उचलली तेव्हा त्यांच्या मनात काय असेल? पण त्यांनी ती उचलली. राजस्थानला करंडक मिळाला तो २०१०-११ मध्ये, आणि वाटेत उपउपांत्य फेरीत त्यांनी ज्यांना बाहेर काढले ती मुंबईच होती. बडोद्याच्या मैदानावर बडोद्याशीच अंतिम सामना खेळून, पहिल्या डावातील आघाडीवर त्यांनी तो जिंकला. त्या हंगामाच्या आरंभी राजस्थान खालच्या, म्हणजे प्लेट गटात होते. तेथून वर येण्याची शिडी नियमात लिहिलेली होती, म्हणून ते चढू शकले.

येथे कोणी म्हणेल की हे सर्व ठीक. पण बलाढ्यांसमोर दुबळ्यांना उभे करणे ही क्रूरता नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळू इच्छीत नाही. म्हणून दोन सामन्यांची हकीकत सांगतो.

पहिला सामना पुण्याचा. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना होता. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली आणि तिसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी ते ४४३ धावांवर नाबाद होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये केलेला ४५२ धावांचा जागतिक उच्चांक अवघा नऊ धावांवर होता. उपाहारानंतर काठियावाडचा संघ मैदानावर आलाच नाही. राजकोटचे ठाकोरसाहेब त्यांचे कर्णधार होते. त्यांनी सामना सोडून दिला. आपल्याविरुद्ध जगातला उच्चांक लिहिला जावा, ही नामुष्की त्यांना नको होती. निंबाळकरांना ते नऊ धावांचे अंतर जन्मभर पुरले. ते कसोटी सामना कधी खेळले नाहीत आणि २०१२ च्या डिसेंबरात कोल्हापुरात वारले. क्रिकेटच्या इतिहासात त्यांच्या ४४३ धावा जशा राहिल्या, तसे काठियावाडचे मैदान सोडणेही राहिले. त्या दिवशी आणखी तीन-चार षटके उन्हात उभे राहिले असते, तर काठियावाडच्या अकरा जणांची गणना जगातल्या एका थोर खेळीच्या साक्षीदारांत झाली असती. पराभव त्यांच्या हातचा नव्हता. पण सामना पूर्ण करणे त्यांच्याच हातात होते.

दुसरा सामना कल्याणचा, २०१६ च्या जानेवारीतला, शाळांचा. प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या, रिक्षाचालकाच्या मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. पराक्रम करणाऱ्या मुलाचा यात काडीमात्र दोष नाही. त्याने आलेला चेंडू मारला. परंतु मला त्या दुसऱ्या शाळेची मुले आठवतात. सीमेपलीकडून चेंडू आणून आणून दमलेल्या मुलांना त्या दोन दिवसांत क्रिकेटचे काय शिक्षण मिळाले असेल? येथे मुलांनी मैदान सोडले नाही, हे त्यांचे मोठेपण. चुकली ती जोड. आपल्या जत्रेतला जोड लावणारा म्हातारा तेथे असता तर त्याने ही कुस्ती नेमलीच नसती.

दोन्ही सामने एकत्र ठेवले की माझे म्हणणे अधिक नेमके करता येते. मोठ्यांशी सामना मिळणे हा हक्क आहे, पण त्या हक्काला शिडी हवी. खालच्या पायरीवर तुल्यबळांशी पुष्कळ सामने, आणि त्यांत जो वर येईल त्याला मोठ्यांसमोर उभे राहण्याची निश्चित जागा. शिडी नसेल तर एक तर कल्याण होते, नाही तर मोठ्यांचे एक निराळे वर्तुळ होते आणि लहानांना त्याच्या बाहेरून पाहत राहावे लागते.

हीच गोष्ट सातासमुद्रांपलीकडे कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत महाविद्यालयांचे बास्केटबॉल हा मोठा लोकप्रिय खेळ आहे. पहिल्या श्रेणीत तेथे साडेतीनशेहून अधिक महाविद्यालये आणि विद्यापीठे खेळतात. त्यांतली काही धनाढ्य, वीस-वीस हजार प्रेक्षकांची प्रेक्षागृहे बाळगणारी, बाकीची लहान. प्रत्येक महाविद्यालय आपापल्या मंडळातील सामने नियमाने खेळते. पण हंगामाच्या आरंभी, नोव्हेंबर-डिसेंबरात, कोणी कोणाशी खेळावे हे बहुतांशी आपापसांत ठरवावयाचे असते. तेथे मर्जीचे राज्य सुरू होते. मोठे महाविद्यालय लहानाला आपल्या घरच्या मैदानावर बोलावते, त्याबद्दल हजारो डॉलर, कधी लाखभर डॉलरही मोजते, आणि परतभेटीला मात्र जात नाही. लहानाचा खेळविभाग त्या पैशावर वर्षभर चालतो. म्हणजे पराभव विकून संसार चालवावयाचा! आणि एखादा लहान संघ खरोखर चांगला निघाला, तर त्याला कोणी बोलावीतच नाही. कारण पैसे देऊन हार कोण विकत घेईल? दुबळेपणाला भाव आणि गुणाला बंदी, असा हा उलटा बाजार आहे.

पण त्याच देशात याला दोन उतारे सापडले आहेत. १९८२ च्या २३ डिसेंबरला, होनोलुलू येथील चामिनाद या हजाराहून कमी विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने, त्या वेळी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असे हरविले. व्हर्जिनियाचा संघ जपानहून परतताना वाटेत थांबला होता. वाटेतला विसावा म्हणून ठेवलेला हा सामना त्यांना असा पडला. चामिनादने पुढे काय केले, ते मला त्या विजयाहून अधिक मोलाचे वाटते. दोन वर्षांत, १९८४ मध्ये, त्या यशाच्या बळावर माउई बेटावर एक वार्षिक स्पर्धा सुरू झाली. तिचे यजमानपद या चिमुकल्या महाविद्यालयाकडे आले आणि देशातले नामांकित संघ तिकडे विमानाने जाऊ लागले. एका दिवसाच्या विजयाचे त्यांनी वेळापत्रकात रूपांतर केले.

दुसरा उतारा राष्ट्रीय स्पर्धेच्या नियमात आहे. तेथे लहान मंडळांच्या विजेत्यांनाही आपोआप प्रवेश मिळतो. कोणाच्या पसंतीची गरज लागत नाही. १९८५ मध्ये स्पर्धा चौसष्ट संघांची झाली, तेव्हापासून पहिल्या मानांकनाच्या संघाची गाठ सोळाव्या मानांकनाच्या संघाशी पडत असे. सोळावा संघ ओळीने १३५ वेळा हरला. हे सामने म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, असे म्हणणारे तेथे कमी नव्हते. २०१८ च्या १६ मार्चला बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठाच्या शाखेने १३६ व्या वेळी त्याच व्हर्जिनियाला ७४-५४ असे, वीस गुणांच्या फरकाने हरविले. १३५ पराभवांच्या काळात ती जागा कोणी काढून घेतली नाही, म्हणून १३६ वा सामना झाला. नियमाचे काम इतकेच असते. तो विजय देत नाही, विजयाची जागा राखून ठेवतो.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. २०१७ च्या जानेवारीत इंदूरला रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, गुजरात आणि मुंबई यांच्यात. यापूर्वी गुजरात अंतिम सामन्यात पोहोचले होते ते १९५०-५१ मध्ये. तेव्हाही मैदान इंदूरचेच होते आणि होळकर संघाकडून हार झाली होती. मुंबईने तोवर एकेचाळीस वेळा करंडक जिंकलेला. गुजरातला चौथ्या डावात ३१२ धावा करावयाच्या होत्या. रणजीच्या अंतिम सामन्यात तोवर एवढ्या धावांचा पाठलाग कोणी यशस्वी केलेला नव्हता. कर्णधार पार्थिव पटेल यांनी १४३ धावा केल्या आणि गुजरातने पाच गडी राखून सामना जिंकला. सुरतेत त्या दिवशी घराघरांत आनंद झाला, आणि मुंबईचे अभिमानी असलेले आम्ही मराठी लोकही त्यात सामील होतो. ज्या भूमीत पोट भरले तिचा विजय आपला नव्हे तर कोणाचा? त्या हंगामातील सर्व सामने तटस्थ मैदानांवर खेळविले गेले होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. घरच्या खेळपट्टीचा आधार कोणालाच नव्हता.

पुढच्याच वर्षी विदर्भ. १९५७-५८ पासून रणजी खेळणारा हा नागपूरकडचा संघ साठ वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात त्याने कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरविले आणि इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीवर नऊ गडी राखून मात केली. रजनीश गुरबानी यांनी त्या सामन्यात ओळीने तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. कर्णधार फैज फजल नागपूरचे. पण प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर हे दोघेही मुंबईच्या तालमीत घडलेले. लहान संघ मोठ्याकडून सामना घेतो, आणि शहाणा असेल तर विद्याही घेतो. विदर्भाने दुसऱ्या वर्षी पुन्हा करंडक राखला, तो सौराष्ट्राला हरवून, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा मिळविला.

आणि सौराष्ट्र? १९४८ मध्ये ज्या भागाच्या संघाने पुण्याचे मैदान सोडले, त्याच भागाचा हा संघ. २०१२-१३ आणि २०१५-१६ मध्ये तो मुंबईकडून अंतिम सामन्यात डावाने हरला. २०१८-१९ मध्ये विदर्भाकडून हरला. एकदाही मैदान सोडले नाही. २०२० च्या मार्च महिन्यात राजकोट येथेच बंगालविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर त्याने करंडक मिळविला आणि २०२२-२३ मध्ये कोलकात्यात जाऊन, बंगालच्या घरी, पुन्हा मिळविला. पुण्याच्या त्या दुपारीनंतरची एकाहत्तर वर्षे डोळ्यांसमोर आणा. त्या अवधीत बदलले ते काय? माणसे तीच, माती तीच. दरवर्षी मोठ्यांसमोर उभे राहण्याची सवय मात्र अंगी मुरली.

मोठ्या संघांना यात काय लाभ, असेही कोणी विचारील. मुंबईपुरते उत्तर असे की, भोवतालचे संघ जसजसे बलवान झाले तसतसा तिचा करंडक दुर्मीळ झाला आणि म्हणूनच अधिक मोलाचा झाला. २०२३-२४ मध्ये मुंबईने बेचाळिसाव्यांदा तो जिंकला, तेव्हा समोर विदर्भ होते आणि वानखेडे मैदानावर सामना पाचव्या दिवसापर्यंत चालला. दुबळ्यांवर मिळविलेल्या पंधरा विजयांचे कौतुक एक. तुल्यबळाकडून हिसकावून घेतलेल्या एका विजयाचा आनंद निराळा. मोठ्यांना मोठे ठेवण्यास लहानांची वाढ आवश्यक असते.

थोडे स्वतःविषयी. महाविद्यालयात मराठी शिकवीत असताना काही वर्षे जिमखान्याचे काम माझ्याकडे होते. आमचे महाविद्यालय लहान. शहराबाहेरच्या एका मोठ्या महाविद्यालयाला मी दरवर्षी मैत्रीपूर्ण सामन्यासाठी पत्र लिही. दोन वर्षे उत्तर आले नाही. तिसऱ्या वर्षी 'आमच्या दुसऱ्या संघाशी खेळा' असे आले. आमची मुले चिडली; जाऊ नये म्हणाली. मी म्हटले, जाऊ, पण तीन गोष्टी लिहून घेऊ: पुढच्या वर्षी त्यांनी आमच्याकडे यावे, तारीख आजच ठरावी आणि धावफलकाची वही दोन्हीकडे राहावी. त्या तीन ओळींच्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. त्यानंतर सात वर्षे तो सामना झाला. आम्ही सहा वेळा हरलो. चौथ्या वर्षापासून मात्र त्यांचा पहिला संघ खेळावयास येऊ लागला. सातवा सामना पावसाने अर्धवट राहिला. आमची मुले तो जिंकलाच असता असे अजून सांगतात, आणि मी त्यांना विरोध करीत नाही.

त्या कागदाच्या आधाराने या शाळेपुढे आज काही सूचना ठेवतो. शहरातल्या दोन मोठ्या शाळांशी खो-खो, कबड्डी आणि क्रिकेट यांचे वार्षिक सामने ठरवावेत. सामना एक वर्ष त्यांच्या मैदानावर आणि एक वर्ष आपल्या मैदानावर व्हावा. आपले मैदान लहान असेल तर जे खेळ लहान मैदानात मावतात ते येथे खेळावेत. जोड लावण्याचे काम दोन्ही शाळांबाहेरच्या जाणत्या माणसाकडे द्यावे, म्हणजे बाराव्या वर्षाच्या मुलासमोर सोळाव्या वर्षाचा मुलगा उभा राहणार नाही. कितीही मार बसला तरी सामना पूर्ण करावा. प्रत्येक सामन्याची नोंद वहीत व्हावी आणि ती वही शाळेच्या कपाटात राहावी. हरल्याची नोंद ठेवण्याची लाज वाटू नये, कारण पुढच्या पिढीला आपण कोठून आलो ते तीच वही सांगेल. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, बक्षिसाच्या ढाली देण्याऐवजी त्यांनी मुलांच्या बसभाड्याचा भार उचलावा. ढाल एकाला मिळते. बसमध्ये सारा संघ बसतो.

आणि बाळूंची गोष्ट विसरू नये. आपल्यापेक्षाही लहान अशी एखादी शाळा या शहरात असेल. दुसऱ्या भाषेची असेल, दोन खोल्यांची असेल; मागच्या वर्षीच आलेल्या मजुरांच्या मुलांची असेल. तिचे पत्र आपल्या मुख्याध्यापकांच्या मेजावर येईल. त्याला उत्तर त्याच आठवड्यात जावे आणि उत्तरात तारीख असावी. तिच्याशी खेळताना आपण दुसरा संघ पाठवू नये. मोठ्यांकडून ज्या अटी आपण मागतो, त्या सर्व तिला न मागता द्याव्यात. चहा एकाच किटलीतला असावा आणि पेले सारखे असावेत.

ज्या गुरुजींच्या नावाने आपण येथे जमलो, त्यांनी परक्या मुलखात मराठी मुलांसाठी वर्ग उघडा ठेवला. त्यांनी मुलांना मोठ्या शाळांची भीती शिकविली नाही आणि त्यांचा द्वेषही शिकविला नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. शाळेच्या घंटेप्रमाणे ठरल्या वेळी समोर उभे राहण्यास त्यांनी शिकविले. खेळाच्या भाषेत मी जे तासभर सांगितले, ते त्यांच्या भाषेत एवढ्यातच मावेल.